बर्फात ऐकलेल्या तारा

माझा भाऊ म्हाळू गेला, त्या दिवशी सकाळी त्यानं दवाखान्यातल्या वॉर्डबॉयचा ओठ फोडला होता. डावं अंग लुळं पडलेलं, वय ऐंशीच्या पुढं, तरी सलाईनची सुई उपटून टाकली आणि त्या बिचाऱ्यानं हात धरायला पाहिलं तर उजव्या हाताची मूठ त्याच्या तोंडावर हाणली. आमच्या धाकट्या भावाचा मुलगा ज्ञानेश मला हे फोनवर सांगत होता. दुपारी पुन्हा त्याचाच फोन आला. "आत्या, मोठे काका गेले..." मी जन्मभर नर्सची नोकरी केली. त्या सवयीनंच असेल, माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो त्या वॉर्डबॉयचा. त्याला टाके पडले का, असं मी विचारलं. रडू नंतर आलं.

आम्ही सोयगावकडचे, मेंढरं राखणारे. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, म्हाळूदादा तेव्हा दहा-अकराचा. अजिंठ्याच्या डोंगरात एकदा लांडग्यानं कोकरू उचललं. दादानं माग काढून त्या लांडग्याला एका घळीत गाठलं आणि काठीनं ठेचून मारलं. मेलेलं जनावर ओढत घरी आणलं, तर वडलांनी त्याच काठीनं त्याला मारलं, कारण तो लांडग्यामागं गेला तेवढ्यात आणखी दोन मेंढरं गेली होती. आमच्या घरात मायेची भाषा आणि माराची भाषा अशा दोन वेगळ्या नव्हत्याच. मिसरूड फुटल्यावर दादा एके दिवशी वडलांचा हात हवेतच धरून म्हणाला, आता पुरं. दुसऱ्या दिवशी तो औरंगाबादला फौजेच्या भरतीत जाऊन उभा राहिला.

मग चीनची लढाई आली. दादा वर बर्फात होता. तिथं काय झालं हे त्यानं कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते एवढंच, की त्याच्या तुकडीतली बहुतेक माणसं मेली, हा पकडला गेला, आणि गारठ्यानं सडलेली डाव्या हाताची दोन बोटं तिथंच कापावी लागली. पुढचं त्यानं मला फार उशिरा सांगितलं: कैद्यांच्या छावणीत एक भोंगा होता. त्यावर दिवसभर भाषणं आणि कवायतीची गाणी चालत. एक दिवस भाषण मधेच थांबलं आणि एक वाद्य वाजायला लागलं. दादाच्या शेजारच्या पोत्यावर त्याचा दोस्त तापानं तडफडत होता. ते वाजणं संपायच्या आत दोस्त मेला. दादा उठला नाही, कुणाला हाक मारली नाही, वाद्य थांबेपर्यंत तसाच ऐकत बसला. हिंदी जाणणाऱ्या एका दुभाष्यानं त्याला त्या वाद्याचं नाव सांगितलं, गुझेंग. दादाला ते ऐकू आलं 'गुंजन'. जन्मभर तो गुंजनच म्हणत राहिला. लांब लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा असतात, आपल्या स्वरमंडळाची थोरली बहीण म्हणा. उजव्या हातानं तार छेडायची आणि डाव्या हातानं ती दाबून सूर वाकवायचा.

सुटून आला तो फौजेला नको असलेला माणूस होऊन. वडलांनी घाईनं लग्न लावून दिलं. पैठणची सोनावैनी, घरात पैठणीचा माग असलेली, बोटांत जादू असलेली पोरगी. दादा तिला मारायचा. भाकरी करपली म्हणून, दार जोरात लागलं म्हणून, काहीच नसलं तर काहीच नाही म्हणून. तेव्हा आम्ही औरंगाबादला येऊन एका गल्लीत राहत होतो, भिंती पातळ होत्या, सगळ्यांना ऐकू जायचं. एका सकाळी त्यानं तिचा उजवा हात पिरगाळला तो मनगटाशी मोडला. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. प्लास्टर घालताना ती एकदाही ओरडली नाही, मला म्हणाली, "जनाबाई, या हातानं मी मागावर धोटा फेकते. आता काय फेकू?" प्लास्टर ओलं असतानाच ती एसटीत बसून पैठणला गेली. परत आली नाही. तिचा हात पुन्हा मागावर बसला, पण पूर्वीसारखा नाही.

घर रिकामं झाल्यावर दादानं रेडिओ घेतला. संध्याकाळी काटा फिरवून फिरवून तो चीनचं स्टेशन लावायचा. खरखर, शिट्ट्या, न कळणारं बोलणं, आणि नशिबात असलं तर मधेच ते गुंजन. ते लागलं की हा माणूस दगडासारखा बसायचा. गल्लीत कुजबुज सुरू झाली. ज्यांची पोरं सीमेवर होती त्यांच्या डोक्यात आग होतीच. एक दिवस आठ-दहा जण आत घुसले. रेडिओ उंबऱ्यावर आपटून फोडला, आणि हेर, हेर म्हणत दादाला बाहेर ओढला. दादानं एकाचा जबडा मोडला. बाकीच्यांनी त्याचं डोकं फोडलं. मी टाके घालत होते तर रक्तानं डोळे मिटलेला हा मला विचारतो, रेडिओ दुरुस्त व्हईल का?

दुरुस्त केला हमीदभाईंनी. सिटी चौकाजवळ त्यांचं रेडिओचं टपरीवजा दुकान होतं. तिथून त्या दोघांची दोस्ती जमली. पुढं दादा एका हॉटेलात पहारेकरी लागला. वेरूळ-अजिंठा बघायला येणारे परदेशी लोक तिथं उतरत. एका दुपारी बागेत एक जर्मन बाई टेपवर काहीतरी ऐकत बसली होती. दादाच्या हातातली बॅग खाली पडली. गुंजन होतं ते. हॉटेलच्या मॅनेजरला मधे घेऊन त्यानं बाईला विचारलं की तुम्ही हे कसं काय ऐकता. ती म्हणाली, तिच्या गावात चिनी भाषेचा एक शब्द न कळणारी माणसं हे ऐकायला जमतात. सूर छेडून झाल्यावरही वाजवणारा त्याला सोडत नाही, दाबत राहतो, वाकवत राहतो, तेच तिला आवडायचं. ऐकलं की मन शांत होतं, असं ती म्हणाली. दादानं मान हलवली. मला सांगताना मात्र म्हणाला, "शांत कसलं? त्याच्यात माणूस मरतंय." बाईनं जाताना ती कॅसेट त्याला दिली. ती इतकी वाजली की फीत झिजली, मग हमीदभाई तिच्या नकला काढून देऊ लागले.

मग शहरात हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. त्या दिवशी मी वॉर्डात उभी होते आणि माणसं हातगाड्यांवरून येत होती, कुणाचं पोट उघडं, कुणाचा कान नाही. संध्याकाळी त्यात दादा आला, खांद्यापासून छातीपर्यंत चिरलेला, आणि सोबत हमीदभाई, अंगभर काजळी. दुकान जाळायला आलेल्या जमावापुढं दादा मेंढरांची काठी घेऊन उभा राहिला होता. तलवारीचा वार बसला तरी त्यानं वार करणाऱ्या पोराला खाली पाडलं आणि त्याच्या नरड्यावर गुडघा ठेवला. पोराचा आवाज घोगरा होत चालला. हमीदभाई मागून म्हणत होते, "छोड दो म्हाळूभाई, मर जाएंगा." आणि दादानं गुडघा काढला. पोरगा पळाला. दुकान जळालंच, कॅसेटीही गेल्या.

जखम शिवताना मी दादाला म्हटलं की तू कुणाला सोडलंस हे पहिल्यांदा ऐकतेय. तेव्हा तो बोलला. बर्फात त्यानं एका चिनी पोराला संगिनीनं मारलं होतं. "ते लगेच मेलं नाय, जना. आवाज काढत राह्यलं. वर जायचा, वाकायचा, खाली यायचा... मग छावणीत भोंग्यावर तेच ऐकलं मी. त्या वाद्यात तेच पोरगं व्हतं." आणि आज गुडघ्याखाली पुन्हा तसाच आवाज यायला लागला होता. त्यानंच मला पुढं शिव म्हणून सांगितलं.

हे ऐकून मला भाऊ कळला, पण वैनीचं मोडलेलं मनगट तेवढ्यानं सांधलं जात नाही, हेही मी तेव्हाच मनाशी म्हटलं. आजही म्हणते. दंगलीनंतर त्यानं कुणावर हात उचलला नाही, तो थेट त्या वॉर्डबॉयवर.

शेवटची काही वर्षं तो ज्ञानेशच्या घरी मागच्या खोलीत होता. ज्ञानेश त्याला मोबाईलवर गुंजन लावून द्यायचा आणि व्हिडिओच्या खाली जगभरच्या लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवायचा. ब्राझीलचा कुणी लिहायचा की हे लावल्याशिवाय माझ्या बाळाला झोप येत नाही. केनियाची एक बाई लिहायची की मला माझी आई आठवते. कुणाला पाऊस दिसे, कुणाला नदी. दादा सगळं ऐकून घ्यायचा. एकदा एवढंच म्हणाला, बरंय, त्येंना नदी दिसती ते.

तेराव्याला सोनावैनी आली. कुणी बोलावलं नव्हतं. पैठणहून एकटीच आली, पांढरे केस, काठापदराचं साधं लुगडं. जेवली नाही. त्यांची खोली दाखवा म्हणाली. मी नेलं. ती दादाच्या, जुन्या घरातून आणलेल्या लाकडी बाजेवर बसली, आणि हात टेकायला गेला तो डाव्या बाजूच्या कडेवर. तिथं लाकडात तीन उथळ खळगे पडले आहेत. ऐकताना दादा आपली उरलेली तीन बोटं तिथं ठेवायचा आणि सूर वाकला की दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. इतक्या वर्षांत सागवान तेवढं झिजलं. ओरखडा नाही, कपचा उडालेला नाही, आतून रेशमासारखं गुळगुळीत.

तिनं हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. वैनीनं आपली बोटं एकेक करून त्या खळग्यांत ठेवली. मनगट अजून थोडं वाकडंच आहे तिचं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली,

"इतकं हळू दाबता येत व्हतं त्यांना?"