जिंकणाऱ्यांसाठी शिजलेला बकरा

पिंपळकट्टा तालमीचा फुटबॉल संघ तोफखाना तालमीकडून फायनल हरला, त्या संध्याकाळी बाबालाल मुल्लाणी शाहू स्टेडियममधून लंगडत बाहेर पडला. आजूबाजूची माणसं पंचाच्या नावानं बोंबलत होती. कुणी म्हणत होतं, पंचाची सासुरवाडी तोफखान्यातली. कुणी म्हणत होतं, मैदानावर पाणी जास्त मारलं होतं. बाबालालनं एकदा मागं वळून त्या सगळ्यांकडे पाहिलं, रस्त्याकडेला थुंकला आणि चालू लागला.

बाबालालचं आमच्या पेठेत मटणाचं दुकान होतं. वय पन्नाशीच्या पुढं, डावा गुडघा कायमचा आखडलेला. तरुणपणी तो पिंपळकट्ट्याकडून अनवाणी हाफबॅक खेळायचा. गुडघा गेल्यावर खेळ सुटला, पण मैदान सुटलं नाही. त्या साली, म्हणजे चौऱ्याहत्तरला, आमचा संघ बऱ्याच वर्षांनी फायनलला गेला, तेव्हा तालमीच्या कट्ट्यावर उभं राहून त्यानं सांगितलं होतं, "माझ्या दारातला बकरा जिंकणाऱ्यांच्या ताटात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिंकणारे म्हणजे आपणच, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

नुसतं धरून चाललेलं असतं तरी ठीक होतं. तालमीचे अध्यक्ष जोतीराम अण्णा यांनी फायनलच्या दिवशी सकाळीच बँडवाले सांगून ठेवले, गुलालाची पोती आणली आणि स्वतःच्या फोटोचा अभिनंदनाचा फलक कोपऱ्यावर चढवला. कप्तान कृष्णात तर त्याच्याही पुढचा. हा गडी मोज्यात कंगवा खोचून मैदानात उतरायचा. उत्तरार्धात आम्हाला पेनल्टी मिळाली. कृष्णातनं चेंडू ठेवला, कंगवा काढून केस मागं सारले, लोकांकडे बघून हात हलवला आणि फटका मारला. चेंडू बारवरून असा गेला की भिंतीवर बसलेली माणसं खाली वाकली. त्यानंतर थोड्याच वेळात तोफखान्याच्या गुंडूनं, त्या काटकुळ्या विंगरनं, आमच्या दोन बॅकमधून वाट काढून गोल केला. आमचे बॅक ऑफसाइड म्हणून हात वर करून उभे होते. गोलकीपर त्यांच्याकडे बघत होता. चेंडूकडे कुणीच बघत नव्हतं.

बाबालाल घरी पोचला तेव्हा परड्यात मोठं पातेलं चुलीवरून उतरलं होतं. त्याची बायको रोशनबी आणि शेजारच्या बनाबाईनं दुपारभर खपून तांबडा रस्सा आणि सुकं मटण केलं होतं. भाकऱ्यांची चवड फडक्याखाली होती. तालमीत पंगतीची पोती आधीच अंथरलेली.

थोड्या वेळानं खेळाडू आले. हरलेली माणसं मान खाली घालून येतील असं रोशनबीला वाटलं होतं. कृष्णात हात धुऊन आला आणि म्हणाला, "चाचा, झालंय न्हवं? लई भूक लागल्या."

"कशानं?" बाबालालनं विचारलं.

"म्हंजे?"

"भूक कशानं लागल्या? काय केलंस आज?"

जोतीराम अण्णा पुढं आले. "जाऊ दे रं बाबालाल. हार-जीत चालायचीच. पोरं दमल्यात."

"अण्णा, पोरं दमली असती तर मी ह्या हातानं भरवलं असतं. ह्यांच्या अंगाला घाम तरी हाय का बघा. केस सुद्धा इस्कटलं न्हाईत." मग तो सगळ्यांकडे बघून म्हणाला, "बकरा जिंकणाऱ्यांचा हाय. कट्ट्यावर बोललोय मी."

आणि त्यानं भाकऱ्यांची चवड आणि पातेलं हातगाडीवर चढवायला घेतलं.

रोशनबीनं त्याचा हात धरला. "पेठेत तोंड कसं दाखवायचं?"

"पेठेनं आपलं तोंड दाखवलंच की मला आज," तो म्हणाला.

पातेलं त्याच्या मालकीचं, बकरा त्याचा, गाडी त्याची. अडवणार कोण? भरल्या पातेल्याची गाडी ढकलत लंगडत तो निघाला, तेव्हा पिंपळकट्ट्याची माणसं दारात येऊन बघत राहिली. कुणी मागून शिवी दिली. तीसुद्धा पुढं येऊन देण्याची कुणाची छाती झाली नाही, आणि याचं बाबालालला जास्त वाईट वाटलं.

तोफखान्यात मिरवणूक नुकतीच संपली होती. गाडी बघून आधी हशा पिकला, मग संशय आला. त्यांचा सेक्रेटरी केरबा, बाबालालच्या बरोबरीचा जुना खेळाडू, झाकण उघडून वास घेत म्हणाला, "पावणं, ह्यात काय घातलंय?"

"मीठ-मिरची. तुझ्यासारख्याला मारायला मला मटण नासवायची गरज न्हाय." बाबालालनं वाटीभर रस्सा काढून सगळ्यांसमोर पिऊन दाखवला.

मग पंगत बसली. बाबालाल भिंतीला टेकून बघत होता. पहिल्या ओळीत नगरसेवक, त्याच्या शेजारी फलकावर नाव हवं असलेले दुकानदार, मग केरबा, मग ज्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता असे कोण कोण. सगळ्यांच्या कपाळाला गुलाल आणि सगळे पिंपळकट्ट्याची टिंगल करत मांडीवर थापा मारत होते. बाबालालला वाटलं, नाव बदललं एवढंच. हेही तेच.

"गुंडू कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"त्यो?" केरबा हाड चोखत म्हणाला. "गेला की ड्यूटीवर. बावड्याच्या साखर कारखान्यात हाय न्हवं त्यो. सीझन चालू हाय."

"जेवून गेला?"

"कुणास ठावं."

बाबालालनं केरबाच्या पुढ्यातली पळी उचलली. सोबत आणलेल्या झाकणाच्या किटलीत सुकं भरलं, पाच-सहा भाकऱ्या फडक्यात बांधल्या, कुणाची तरी सायकल मागून घेतली आणि आखडलेल्या गुडघ्यानं पायडल मारत कसबा बावड्याचा रस्ता धरला. वाटेत उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. तिच्या कडेकडेनं तो कारखान्याच्या फाटकावर पोचला. रखवालदारानं निरोप दिल्यावर गुंडू बाहेर आला. अंगात खाकी चड्डी, ढोपर खरचटलेलं, कपाळावरचा गुलाल घामानं मानेवर उतरलेला. पिंपळकट्ट्याचा बाबालाल आपल्यासमोर का उभा आहे, हे त्याला कळेना.

"जेव," बाबालाल म्हणाला. "बकरा तुझाच हाय."

गुंडूनं किटलीत डोकावलं आणि ओशाळून गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. "चाचा, मी माळकरी हाय. खात न्हाय."

बाबालालनं किटलीचं झाकण परत लावलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला शिवी सुचली नाही.

"भाकरी चालंल की," गुंडू म्हणाला. "डब्यात चटणी हाय माझ्या."

दोघं फाटकाबाहेरच्या दगडावर बसले. गुंडू घाईघाईनं जेवत होता, कारण सुपरवायझर ओरडला असता. बाबालालनं विचारलं, "मिरवणुकीला थांबला न्हाईस?"

"थांबलतो जरा. खांद्यावर घेतलं, मग नगरसेवक आला म्हणून खाली टाकलं. तिथं ढोपर फुटलं. मैदानात न्हाय फुटलं." तो हे तक्रारीच्या सुरात बोलला नाही. "तुमच्या कृष्णातचा पाय चांगला हाय, चाचा. जरा डोकं खाली घालून मारला असता, तर गोल व्हता."

"त्याचं डोकं खाली हुईत न्हाय. केस पडत्यात."

गुंडू हसला, उरलेल्या भाकऱ्या परत दिल्या आणि आत गेला.

मटण रखवालदारानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तालमीनं ठराव केला, बाबालालच्या दुकानातून कुणी मटण घ्यायचं नाही. दोन दिवस पेठ दुसरीकडून मटण आणत राहिली. रविवारी सकाळी दुकानासमोर नेहमीसारखी रांग लागली. "ह्यांचा बहिष्कारबी असाच," बाबालाल सुरी चालवत रोशनबीला म्हणाला. "हाफटाइमपर्यंत बी टिकत न्हाय."

रांगेत कृष्णात होता. त्याची पाळी आली तेव्हा बाबालालनं मान वर केली नाही. मटण कापलं, तोललं, पानात बांधलं. कृष्णात जाईना. मग हळूच म्हणाला, "चाचा, तुम्ही कारखान्यावर गेलतासा म्हणं. त्यो गुंडू माझ्याबद्दल काय म्हणाला?"

"म्हणाला, पाय चांगला हाय."

कृष्णातचा चेहरा उजळला. डोकं खाली घालून मारण्याबद्दलचं पुढचं वाक्य बाबालालनं सांगितलं नाही. ऐकून कृष्णात सुधारेल अशी बाबालालला खात्री नव्हती, आणि एक बकरा वाया गेल्यावर आणखी काही वाया घालवायची त्याची तयारी नव्हती.

पुढच्या मोसमात तो पुन्हा मैदानावर जाऊ लागला. पण पिंपळकट्ट्याच्या गर्दीत नाही आणि तोफखान्याच्याही नाही. पश्चिमेच्या उन्हात, जिथं कुणी बसत नसे, तिथं डोक्यावर टॉवेल घेऊन एकटा बसायचा. रोशनबी म्हणाली, एवढा राग आहे तर जाता कशाला?

"घरात बसून शिव्या कुणाला देऊ?" तो म्हणाला, आणि चपला घालून निघाला.