मायच्या दशम्यांचा डबा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या सगळ्या भानगडी तोंडपाठ होत्या. आता ती नाही. पोरगी लांब, तिच्या संसारात. जळगावच्या या घरात संध्याकाळी टीव्ही सोडला तर कोणी बोलत नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय. फक्त मधेच 'जाऊ द्या हो, होतं असं' म्हणू नका. त्या वाक्याची मला चीड आहे.

पण आधी दशमी सांगतो. हो, लांबण लावतोय. कळतंय मला.

माझी माय दशम्या करायची. गिरणेच्या काठाला, भडगावजवळ आमचं गाव. गूळ कोमट दुधात विरघळवायचा — दूध उकळतं असलं की फाटलंच म्हणून समजा — मग गाळून घ्यायचा, कारण गुळात खडे, काड्या, नाही नाही ते असतं. कणकेला तुपाचं मोहन, चिमूटभर सुंठ. पाण्याचा मात्र थेंब नाही! बोटांना पीठ चिकटलं तरी बोटं दुधातच बुडवायची. पाणी लागलं की ती दशमी राहत नाही, साधी पोळी होते, आणि दुसऱ्या दिवशी वास मारते. जाडसर लाटायची, मंद तव्यावर दोन्ही अंगांनी भाजायची. आणि खरं काम तर पुढेच. सुपात धोतराचं फडकं पसरून एकेक दशमी वेगळी ठेवायची. गरम असताना एकीवर एक रचली तर त्यांना घाम येतो, आणि घाम आला की बुरशी. डब्यात भरण्याआधी माय प्रत्येक दशमी गालाला लावून बघायची. जराशी कोमट लागली तरी परत सुपात. लहानपणी मला ते बघून हसू यायचं.

तिच्या दशम्या आठवडाभर जशाच्या तशा राहत. गावात कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की दूध-गूळ घेऊन आमच्या ओट्यावर हजर — अक्का, तेवढ्या दशम्या करून दे. बाप मी लहान असतानाच गेला. लग्नघरात विधवा बाईनं मागं मागं राहायचं, हळदीला हात लावायचा नाही, तो सगळा जाच होताच. पण लेक पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्या शिदोरीतल्या दशम्या अक्काच्याच हातच्या. तिथं कोणी विधवा-बिधवा काढत नसे. तेवढ्या एका कामासाठी तिला पुढच्या दारानं बोलवत. त्या मानाचं तिला किती मोल होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं. तिथंच तर गोम आहे.

ऐंशीच्या पुढची वर्षं. मी धुळ्याला कॉलेजात. दर मंगळवारी माय फाट्यावर उभी राहून एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायची, मी धुळ्याच्या स्टँडवर तो उतरवून घ्यायचो. पितळी डबा, वरून फडक्याची गाठ. रिकामा डबा परत पाठवायचा नसतो, म्हणून मी त्यात चिमूटभर साखर टाकायचो. खोलीवरची पोरं दशम्यांवर तुटून पडायची. खाऊन खाऊन त्यांनी माझं नावच 'दशमी' पाडलं. "ए दशमी, आला का डबा?" आधी खोलीत, मग वर्गात. एक दिवस कॉलेजच्या गेटवर पोरींच्या घोळक्यातून कोणीतरी तसं ओरडलं — आणि त्या घोळक्यात ती होती, जिच्यासाठी मी रोज इस्त्रीचा शर्ट घालायचो. ती हसली. एवढंच. हसली, बस्स.

माणूस एवढ्यावरून आंधळा होतो? मी झालो.

मायला म्हणालो, डबा पाठवू नको, मेसचं जेवण चांगलं आहे. तिला वाटे, पोरगा आपल्या जिवाला त्रास नको म्हणून बोलतो. मंगळवारी डबा हजर! पुन्हा सांगितलं, पुन्हा हजर. मग सुट्टीत घरी गेलो. ती चुलीपुढं बसून दूध कोमट करत होती — माझ्याच दशम्यांसाठी. मी दारातूनच बोललो.

म्हणालो, माय, तुझ्या दशम्यांना बुरशी येते. पोरं नाकं मुरडतात. गटारीत फेकाव्या लागतात.

झालं. हेच ते. सगळं खोटं. एकाही दशमीला कधी ठिपका आला नव्हता. एकही कधी फेकली नव्हती.

तिनं पातेलं खाली उतरवलं. रागावली नाही. उजवा हात उलटा-सुलटा करून बघत राहिली. मग म्हणाली, "मना हातले काय झायं रे, बापू?" माझ्या हाताला काय झालं — मला विचारत होती! त्या वेळी बोललो असतो तर? 'गंमत केली गं' एवढं म्हणायला काय लागत होतं? मी पिशवी खुंटीला अडकवली आणि नदीवर पोहायला गेलो.

डबा बंद झाला. पोरांनी हळूहळू दशमी म्हणणंही सोडलं. मी खूश होतो, खोटं का बोलू. एकदा स्टँडवर तोच कंडक्टर भेटला. म्हणाला, "तुनी माय फाटावर उभी राहस रे. डबा नही, काही नही. नुसती गाडी देखस." मी म्हटलं, असेल काही काम. आणि सटकलो.

पुढं शेजारच्या पोरीचं लग्न निघालं. तिची आई रिवाजाप्रमाणं दूध-गूळ घेऊन आली. मी तेव्हा सुट्टीला आलेलो, घरातच होतो, ओट्यावरचं सगळं ऐकू येत होतं. माय म्हणाली, "मना हातन्या दशम्या आते टिकतस नही. पोरनी शिदोरीले मना हात नको." तिनं काय अर्थ लावला होता, बघा. दूध चांगलं, गूळ चांगला, रीत तीच — मग खोट कुठं? तर तिच्या हातात. गावानं आयुष्यभर तिला जे ऐकवलं, ते आता तिनं स्वतःच खरं मानलं. शेजारीण गूळ परत घेऊन गेली. नंतर कोणी विचारायलाही आलं नाही, आणि लग्नघरात माय पुन्हा मागच्या दाराला.

मी आत बसून पेपर वाचत होतो.

परीक्षा संपल्यावर खोली रिकामी करताना ट्रंकेमागं एक दशमी सापडली. फडक्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, कधी घसरून पडली देव जाणे. कडक झाली होती. पण बुरशीचा एक ठिपका नाही! उचलून गावी न्यायची, तिच्या हातात ठेवायची — 'बघ माय, मी खोटं बोललो.' तिचा हात तिला परत मिळाला असता. मी काय केलं? उभ्या उभ्या खाऊन टाकली. गोड होती. एकच साक्षीदार होता, तोही मी खाल्ला.

मग जळगावला नोकरी लागली, लग्न झालं. गावी जाणं दिवाळीपुरतं. त्यातल्या शेवटच्या दिवाळीचं सांगतो आणि थांबतो. त्याच थंडीत ती गेली. आपल्या हातालाच काहीतरी झालंय, हेच शेवटपर्यंत धरून गेली.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा माय घरात नव्हती. वाट पाहून फाट्यावर आलो, तर ती दुकानाकडून लगबगीनं येताना दिसली. गाडी लागलीच होती, ड्रायव्हर चहाला उतरला होता; मी चढून खिडकीशी बसलो. तिनं खालून खिडकीशी हात वर केला. हातात बिस्किटांचा पुडा. बाजारचा, कागद चकचकीत.

"हाई लई जाय, बापू," हे घेऊन जा म्हणाली. "हाई खराब नही व्हस."

मी पुडा घेतला. आजूबाजूला माणसं होती, गाडी सुटायला वेळ होता, ती खिडकीखाली तोंड वर करून उभी होती. आणि मी काय म्हणालो?

"हा माय," म्हणालो. "हाई बरं शे."