कोरी पाठ

दुकानाच्या दारातून आत येताना पहिलवान अंग तिरपे करत. दार चांगले रुंद होते आणि ते स्वतः वाळून निम्मे झाले होते, पण खांद्यांना हे कोणी सांगितले नव्हते.

इतवारीच्या बाजारात आमचे धान्याचे दुकान. यजमान गेल्यावर मी गादीवर बसू लागले, तेव्हा राखणीला पहिलवानांना ठेवले. पूर्वी ते एका राजाच्या पदरी होते. दूध, तूप, बदाम, सगळे वाड्यातून यायचे. राजा वारला, धाकट्या राजाला मोटारींचा नाद लागला आणि खुराक बंद झाला. भूक मात्र राहिली. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल.

गिऱ्हाईक पोत्यावर टेकले की यांचे सुरू.

"या पाठीले कोणी माती लावली नाही. कोरी पाठ आहे, कोरी!"

"गुडघ्याचंही सांगा," मी म्हणे.

"गुडघ्याले कोण विचारते, बाई?"

डॉक्टर विचारत होते. तो उजवा गुडघा आणखी एकदा पिळला तर हे पुन्हा उभे राहणार नाहीत, असे त्यांनी बजावले होते.

श्रावणात ते आखाडा पाहायला गेले. एक तरणा गडी त्यांच्या पाया पडला. त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, तर यांनी जुन्या सवयीने मूठभर माती उचलून त्याच्या हातात दिली. आखाड्यात माती दिली की कुस्ती ठरली. ते दुकानी पोचायच्या आत बातमी इतवारीत पोचली होती. नागपंचमीला जोड लागणार!

"चूक झाली म्हणून सांगा त्याला," मी म्हटले.

"दिलेली माती वापस घेत नसतात, बाई."

"मग पायही देऊन टाका. इथे पोत्यासारखे पडून राहा. उचलायला मी हमाल लावते."

त्या दिवशी ते जेवले नाहीत, तेव्हा मात्र मी घाबरले.

आखाड्याशी बायका जात नसत. नागपंचमीला मी समोरच्या कापडवाल्याच्या गच्चीवर उभी राहिले. पहिलवान लंगोट लावून उतरले. दंडाची कातडी लोंबत होती. माणसांनी माना खाली घातल्या. समोरच्या गड्याचाही चेहरा उतरला. म्हाताऱ्याला पाडून त्याला काय मिळणार होते?

सलामी झाली. पहिलवानांनी लंगडत एक फेरी घातली, मधोमध थांबले, डावा हात टेकून हळूच बसले आणि गुडघा सांभाळत सावकाश उताणे झाले. दोन्ही खांदे मातीला टेकवले.

गडी घाबरून वाकला. "वस्ताद, काय झालं?"

"काय पाहून राहिला गा? लागली पाठ. तू जिंकला. आता हात दे, मले उठता येऊन नाही राहिलं!"

आधी एक जण हसला, मग सगळा आखाडा. सर्वांत मोठा आवाज जमिनीवरून येत होता. गड्याने त्यांना उठवले तेव्हा ते दोन्ही पायांवर उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर. एका गिऱ्हाइकाने खोचून विचारले, "काहून पहिलवान, कोरी पाठ गेली म्हणे?"

"गेली बाप्पा एकदाची. लय सांभाळली. आता हलकं वाटून राहिलं."

आणि त्या दिवशी माझ्याकडच्या पाच भाकरी खाल्ल्या.

दिवाळीनंतर पहिलवानांची लेक त्यांना भिवापूरला घेऊन गेली. राखणीला दुसरा माणूस आला. तो कमी खातो आणि कमी बोलतो. भिवापूरचा मिरचीवाला आला की मी आधी त्यांची खबर विचारते, मग भाव. गेल्या खेपेला तो म्हणाला, "मिरच्या वाळत घातल्या की राखणीला तिथंच उताणे झोपतात, बाई. असे घोरतात का बकऱ्या जवळ येत नाहीत."