टाळूवरची सुई

मी काय घोळ घातला, तो ऐकाच!

पोरीच्या लग्नाच्या काळजीनं माझी झोप पार उडाली होती. पल्लवीनं मुलगा स्वतःच पसंत केलेला, अकोटचा. त्याचं घर पाहायला आम्ही नवरा-बायको अमरावतीहून निघालो. बायको म्हणाली, जरा वाट वाकडी करून अकोल्याला जाऊ, तिथं सुया टोचून झोप आणणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, दाखवून घेऊ.

बाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि चिनी पद्धतीनं हातापायांत बारीक सुया टोचल्या. एक थेट टाळूवर! सुया असेपर्यंत हलायचं नाही, असं बजावलं. मी श्वासही जपून घेत होतो.

सुटका झाली. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून समोरच्या दुकानातून टोपी घेतली, तशीच डोक्यावर चढवली आणि अकोटची एसटी गाठली.

बस खड्ड्यात आदळली आणि टाळूवर टचकन टोचलं.

एक सुई राहिली की काय? टोपी दाबली, तर आणखीच टोचलं. बाई फोन उचलेनात. बायकोला सांगावं, तर ती बसमध्येच रडारड करणार. ओढून काढावी, तर सोबत मेंदूची एखादी शीर आली म्हणजे?

पाहुण्यांकडे मी काठी गिळल्यासारखा बसलो. मान न हलवता पाणी प्यायलो, निम्मं शर्टावर.

"अवो, टोपी काढा ना," बायको कुजबुजली. "लोक काय म्हनतीन?"

मी नुसते डोळे वटारले.

मुलाचे वडील चुळबुळत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "भाऊ, तुमाले आमचं घर पटलं नाई काय?"

आता 'तसं नाही' म्हणायला मान कशी हलवू? मला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात बाईंचा फोन आला.

"म्याडम, तुमची सुई माह्या डोक्यात राह्यली!" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

बाई शांतपणे म्हणाल्या, एकही राहिलेली नाही. मुलाच्या आईनं पुढे येऊन हलकेच माझी टोपी उचलली. आत किमतीची चिठ्ठी अडकवलेला प्लास्टिकचा टोकदार दोरा!

आधी त्या हसल्या, मग सारं घर. मी सोफ्यावर मागे टेकलो आणि जरा डोळे मिटले.

उघडले तेव्हा पेढे वाटून झाले होते.

"मले काहून उठवलं नाई?" मी बायकोला विचारलं.

"उठवलं ना. व्याह्यानं इचारलं, तुमची पसंती हाय ना? तुमी घोरले. त्याइनं हो समजलं."