बर्गरशेठची ताई

कपडे शिवून घ्यायला येणारेही त्याला शिंपी म्हणत नसत, बर्गरशेठ म्हणत. दर वर्षी शाळेच्या मैदानावर गल्लीचा बर्गर-मेळा भरायचा आणि तव्यामागे टोपी घालून हाच उभा. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. "वहिनी, नवऱ्याला राहू द्या, तुम्ही आधी खा!" असं म्हणत दोनशे बर्गर हातोहात संपवायचा.

पण पॅटी करायची त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच होती. मेळ्याच्या दिवशी पहाटेपासून स्वयंपाकघरात बटाटे कुस्करत बसायची. मैदान चार घरांपलीकडे, पण मेळा तिने कधी पाहिला नव्हता. एकदा म्हणाली, "या वर्षी मीही येऊ का रे?"

"तू आलीस तर मागून माल कोण देणार? पुढच्या वर्षी बघू."

असं पुढचं पुढचं करत बारा वर्षं गेली. तेराव्या वर्षी गल्लीने त्याचा सत्कार केला. हातात माइक आल्यावर गडी फुशारला, "सगळी या हातांची जादू!" घरी आला तेव्हा ताई परात घासत होती. "ऐकू आलं इथं," एवढंच म्हणाली. त्याने हसण्यावारी नेलं. आठवड्याभरात ती लेकीकडे राहायला गेली.

पुढच्या मेळ्यात पॅटी तव्यावरच फुटल्या. लोकांनी भिडेखातर खाल्ल्या. दुसरा बर्गर कुणी मागितला नाही. त्याने तिथूनच फोन लावला, "ताई, तू काय करायचीस गं?" तिने हातचं न राखता सांगितलं: बटाटे आदल्या दिवशी उकडून गार करायचे, पावाचा चुरा शेवटी घालायचा. टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या वर्षी तो स्वतः तिला आणायला गेला. "चल, सगळ्यांसमोर तुझं नाव घेतो. तू फक्त खुर्चीत बस."

"नको रे. तेव्हा फार हौस होती. आता हौसच उरली नाही, तर येऊन काय करू?"

आवाजात राग नव्हता. तेच त्याच्या जिव्हारी लागलं.

मेळ्यात त्याने माइकवर खरं काय ते सांगितलं. टाळ्या पडल्या. "बघा, केवढं मोठं मन!" कुणीतरी म्हणालं.

"अहो, मन-बिन काही नाही, खरंच तीच..." तो सांगू लागला, पण तोवर रांग पुढे सरकली होती, आणि समोरच्या बाईंना दोन बर्गर हवे होते. त्याने पॅटी उलटल्या. छान झाल्या होत्या.