साहेबांच्या नंबरवर

अकोल्यात माझी वकिली सुरू झाली ती दुसऱ्याच्या पक्षकारांवर. या दुकानदारांचे जुने वकील, सगळ्यांचे साहेब, वारले होते आणि त्या सगळ्या दुकानांच्या जीएसटी नोंदणीवर मोबाइल नंबर त्या वकिलांचाच होता. तो फोन आता त्यांच्या पत्नीकडे असे, जठारपेठेतल्या घरी, खिडकीशी चार्जरला लावलेला.

मी इथवर कशी आले ते थोडक्यात सांगते. कायद्याची पदवी घेऊन विक्रीकर खात्यात लागले आणि बरीच वर्षं अमरावतीच्या कार्यालयात काढली. व्यापारी अपिलात गेला की खात्याच्या वतीने उभं राहायचं, हे मुख्य काम. त्याआधी तपासणीही केली. तिवसा, नांदगाव खंडेश्वर, जिथे पाठवतील तिथे जीपमधून उतरायचं, पाटी वाचायची, दुकान नोंदलेल्या जागी आहे का ते बघायचं, अहवाल लिहायचा. मला ते काम आवडत असे. मग कोकणात बदली झाली आणि इकडे अकोल्यात आई अंथरुणाला खिळली. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आई त्याच वर्षी गेली. घर होतं, वेळ होता. वकिलीची सनद पुन्हा चालू करून घेतली आणि पुढच्या खोलीत टेबल मांडलं.

ते जुने वकील अमरावतीच्या सुनावण्यांत कायम माझ्या समोरच्या बाजूला असत. मी मुद्दे क्रमाने लिहून नेत असे आणि त्याची त्यांना फार गंमत वाटे. एकदा मी तिसऱ्या मुद्द्यावर असताना ते पीठावरच्या अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, मॅडमची यादी लंबी हाये, तोवर चहा सांगून ठेवा." पुढे त्यांची दृष्टी हळूहळू पार गेली तेव्हा त्यांनीच मला निरोप पाठवला की आता तुम्ही मोकळ्या आहात, माझी माणसं सांभाळा. मी हो म्हटलं. महिनाभरात ते गेले.

नोंदणीवर वकिलाचा नंबर टाकायची आमच्याकडे रीतच आहे. दुकानदार कागदांची पिशवी घेऊन येतो, वकील मोबाइल नंबर विचारतो आणि दुकानदार म्हणतो, तुमचाच टाका साहेब. त्याचा स्वतःचा फोन पोराकडे असतो, सिम दर हंगामाला बदलतं, आणि सरकारचा मेसेज घरी येणं कुणालाच नको असतं. खात्यात असताना एकाच नंबरवर अर्ध्या बाजाराची दुकानं सापडली की मी वैतागायचे. आता मी टेबलाच्या या बाजूला होते आणि विवरणपत्र भरताना येणारे ओटीपीचे आकडे जठारपेठेतल्या एका खिडकीशी वाजत होते.

म्हणून दर वीस तारखेला, विवरणपत्रांच्या शेवटच्या दिवशी, मी काकूंना, म्हणजे साहेबांच्या पत्नीला, फोन लावून बसत असे. साहेबांना दिसेनासं झाल्यापासून आकडे त्याच वाचून दाखवायच्या, तेव्हा त्यांना सराव होता. एकेक आकडा सावकाश वाचायच्या, मग कोणाचा आहे ते विचारायच्या. नाव सांगितलं की त्या दुकानाची बातमी मिळायची: त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं, त्याच्या भावाने वेगळं दुकान टाकलं. यातल्या बहुतेकांना त्यांनी पाहिलेलं नव्हतं. दुकानदार अजून त्याच नंबरवर फोन करायचे आणि काकू निरोप घेऊन मला सांगायच्या.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. वडील गेल्यापासून तो आईला न्यायला बघत होता; घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं असं त्याच्या मनात होतं. त्याचं चुकत नव्हतं. काकूंचे गुडघे गेलेले, घर मोठं, शेजारची माणसं बदललेली. पण काकूंना अकोला सोडायचं नव्हतं आणि त्यासाठी त्यांच्याकडे दाखवण्यासारखं कारण एकच होतं, तो फोन. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला ते सांगून टाकलं.

"पोरगा म्हनते, इथं काय ठेवलं हाये तुह्यं. म्या म्हनलं, त्याईचं काम हाये बापा. फोन कोन पाहीन?"

मी ऐकून घेतलं. पण माझ्या यादीत पहिलं काम हेच होतं की सगळी दुकानं त्या नंबरवरून काढायची. ज्याचा नंबर त्याच्याकडे, निदान ज्याच्या घरात चालू फोन आहे त्याच्याकडे. हे करायलाच हवं होतं, यात मला आजही शंका नाही. एकेकाला बोलावून बदल करत गेले. दुकानाच्या पोर्टलवरच्या खात्यात शिरायलाही जुन्याच फोनवरचे आकडे लागत, आणि ते काकूच वाचून दाखवत. एकदाही त्यांनी टाळाटाळ केली नाही. फक्त वाचून झालं की म्हणायच्या, "हा बी गेला काय."

वर्षभरात बरीच दुकानं निघाली. शेवटी तेल्हाऱ्याचा एकजण उरला. ठिबकच्या नळ्या आणि फवारणीचे पंप विकायचा. मी बोलावलं की तो पुढच्या आठवड्यात येतो म्हणे आणि येत नसे. एकदा म्हणाला की काकूले काहून तोडता मॅडम, त्या बराबर सांगतात नं. तो दर रविवारी काकूंना फोन करतो हे मला नंतर कळलं. मीही मग फार रेटलं नाही. एका दुकानासाठी एक फोन चालू राहिला तर काय बिघडतं, असा हिशेब मी केला.

त्या वर्षी त्याने दुकान हलवलं. फार लांब नाही, रस्त्याच्या पलीकडे, जरा मोठ्या गाळ्यात. मला सांगितलं नाही, कारण तेल्हाऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. खात्याचा माणूस तपासणीला आला तेव्हा जुन्या गाळ्यात केस कापायचं दुकान होतं. त्याने जे दिसलं ते लिहिलं. मीही तेच लिहिलं असतं. मग नोंदणी रद्द का करू नये अशी नोटीस निघाली. ती पोर्टलवर लागली, साहेबांच्या ईमेलवर गेली, जो कुणी उघडत नव्हतं, आणि त्याचा मेसेज काकूंच्या खिडकीशी येऊन पडला. उत्तराची मुदत जेमतेम आठवड्याची. मी त्या दुकानाचं खातं वीस तारखेलाच उघडत असे आणि वीस तारीख नुकतीच होऊन गेली होती.

उत्तर न गेल्याने नोंदणी रद्द झाली; ऐन फवारणीच्या दिवसांत कंपनीने माल पाठवायचं थांबवलं तेव्हा आम्हाला कळलं. तो तेल्हाऱ्याहून आला आणि खुर्चीवर बसून घाम पुसू लागला. गिऱ्हाइकांच्या आतापर्यंतच्या ऑर्डरी दुसऱ्या दुकानदाराकडे गेल्या होत्या. मी खातं उघडून काय झालं ते त्याला समजावून सांगितलं. नोंदणी परत मिळेल, पण वेळ लागेल, हेही सांगितलं. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "काकूले काई बोलू नका मॅडम. त्याईले का समजते त्यातलं."

पण नोंदणी परत मागायच्या अर्जाला ओटीपी लागत होता. मी फोन लावला. काकूंनी आकडे वाचले आणि विचारलं की आज काय वीस तारीख आहे का. मी खरं ते सांगितलं. गुळगुळीत करून सांगायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी दोन दिवसांत कुणा दुकानदाराच्या फोनवरून त्यांना कळलंच असतं.

काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तो मेसेज म्या पायला होता बाई. इंग्रजीत होता. त्यात आकडे नोते, म्हनून तुमाले फोन नाई केला."

मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. ते खरंही होतं. त्यांना आकडे वाचायला सांगितलं होतं, आणि आकडे आले की त्यांनी ते नेहमी वाचले होते.

नव्या गाळ्याचा भाडेकरार, वीजबिल, पाटीसकट फोटो, सगळं जोडलं. नोंदणी परत आली, पण तोवर फवारणीचा हंगाम संपला होता. तेल्हाऱ्याचा माणूस माझ्याशी पूर्वीसारखाच बोलला. काकूंना त्याने नेहमीसारखा रविवारी फोन केला आणि काकूंनी तो उचलला नाही.

त्यानंतर एका दुपारी काकू रिक्षाने माझ्याकडे आल्या. कापडी पिशवीत फोन आणि चार्जर. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, त्याचा बी करून टाका आज. मी तेल्हाऱ्याला फोन करून त्याच्या मुलाचा नंबर घेतला आणि खात्यात शिरायला सुरुवात केली. फोन आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर होता, आकडे मला सरळ दिसत होते. तरी काकूंनी तो उचलून डोळ्यांजवळ धरला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. मी टाइप केला.

झाल्यावर मी त्यांना म्हटलं की माझ्याकडे येत जा, दुपारी फोन घ्यायला मला माणूस हवाच आहे. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"तुमचे मानसं तुमचे हायेत बाई. हे त्याईचे होते." मग पिशवीची गाठ बांधत म्हणाल्या, "आता पोराले काय सांगू, ते सांगा."

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला उठले.

दिवाळीआधी मुलगा येऊन काकूंना पुण्याला घेऊन गेला. घर एका बँकेत काम करणाऱ्या कुटुंबाला भाड्याने दिलं. मी स्टेशनवर पोचवायला गेले होते. मुलाने सामान चढवलं आणि खाली उतरून माझे आभार मानले. म्हणाला, तुम्ही ते नंबरचं एवढं चिकाटीने निपटवलंत म्हणून आई मोकळी झाली, नाही तर ती काही निघाली नसती. मी मान हलवली. काकू खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर डबा, आणि त्या पलीकडच्या फलाटाकडे बघत होत्या. गाडी हलली तेव्हा मी हात वर केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.