भोंग्याची पत

पारनेरकडच्या एका दूध शीतकरण केंद्रात अलार्मची नवी मांडणी करायला मी गेलो, तेव्हा तिथला भोंगा दिवसातून हजार वेळा वाजत होता. खरं तर दहा हजार, पण लोकांना पटत नाही म्हणून कमी सांगतो. आवारातल्या चिमण्यांची पिल्लं चिवचिवाट सोडून त्याच सुरात बोंबलायची. दार उघडं राहिलं तरी भोंगा, दूध कोमट आलं तरी भोंगा. जुने ऑपरेटर चाचा पेपरातून डोकं न काढता बटण दाबून त्याला गप्प करायचे. उद्या खरोखर दूध थंड करणाऱ्या यंत्रातला विषारी अमोनिया गळला तर? तेव्हाही चाचा बटणच दाबतील, ही माझी धास्ती.

मी सगळ्या अलार्मची यादी घेऊन बसलो. “चाचा, हा वाजला की काय करता?”

“बटन दाबतो.”

“आणि हा?”

“त्याला काय येगळं बटन हाय व्हय, साहेब?”

ज्याचं उत्तर नुसतं बटण, तो अलार्म मी काढून टाकला. सात उरले. प्रत्येकाखाली काय करायचं, ते चाचांच्याच शब्दांत लिहिलं. दोन दिवस इतकी शांतता, की चाचांना पेपर वाचवेना.

तिसऱ्या दिवशी भोंगा वाजला. चाचा असे उडाले, की पेपर बराच वेळ हवेतच राहिला. मास्क चढवून त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला. पंपापाशी थोडा अमोनिया सुटला होता, तेवढ्यावर निभावलं. परत आले ते माझ्यावरच खेकसत, “एवढा मोठ्यानं कशाला ठिवलाय? आमी काय बहिरे हाय?”

मी खुशीत आवाज कमी केला.